सर जाइल्स गिल्बर्ट स्कॉट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनला जाऊन आलेल्या जवळपास प्रत्येकाकडे लाल टेलिफोन बूथला टेकून काढलेला एक फोटो असतोच. बूथ कोणी केलं, असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात. ते करणाऱ्या माणसाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. त्याला इलाज नव्हता.

स्कॉट नेमके कोण?

इंग्लिश आर्किटेक्ट. जन्म ९ नोव्हेंबर १८८०, लंडनच्या हॅम्पस्टेडमध्ये. मृत्यू फेब्रुवारी १९६०. लिव्हरपूलचं अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड या प्रोटेस्टंट पंथाचं) कॅथेड्रल, अर्थात बिशपचं मुख्य चर्च, लाल टेलिफोन बूथ, केंब्रिज विद्यापीठाचं ग्रंथालय, वॉटर्लू पूल, बँकसाइड वीजघर (आजचं टेट मॉडर्न कलासंग्रहालय) ही त्यांची ठळक कामं. बॅटरसी वीजघराचं बाह्यरूपही त्यांचंच. चर्च आणि वीजघर या दोन टोकांवर एकच माणूस तितक्याच सहजपणे वावरला, हे त्यांचं वेगळेपण.

मुंबईचा राजाबाई टॉवर यांनीच बांधला ना?

नाही, तो आजोबांचा. नावांच्या साधर्म्यामुळे हा घोळ कायम होतो. आजोबा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट (१८११–१८७८) हे व्हिक्टोरियन इंग्लंडमधले बडे प्रस्थ. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला लागूनचं हॉटेल आणि हाइड पार्कजवळचं अल्बर्ट मेमोरियल त्यांचं. मुंबई विद्यापीठाचा दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरसह ग्रंथालय यांचे आराखडेही त्यांनी केले, तेही लंडनमध्ये बसून. मुंबईत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नाही. टॉवर १८७८ साली पूर्ण झाला आणि त्याच वर्षी ते वारले. नातू दोन वर्षांनी जन्मला. तेव्हा ओव्हल मैदानाकडून टॉवर बघताना ‘टेलिफोन बूथवाल्याचे आजोबा’ एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

म्हणजे घराण्याचा धंदाच पुढे चालवला?

चालवला, पण मधली पिढी फार दुःखाची होती. वडील जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट धाकटे हेही अतिशय गुणी आर्किटेक्ट. जाइल्सच्या जन्माच्या वर्षीच त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढे मनाचा तोल ढळला, १८८४ साली त्यांना वेडं ठरवण्यात आलं आणि दारूनं शरीरही पोखरलं. १८९७ साली ते गेले, तेही त्यांच्या वडिलांनी बांधलेल्या त्या सेंट पँक्रसच्या हॉटेलातच. एखाद्या कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

वडिलांचा सहवास मुलांना लाभलाच नाही म्हणा ना. घडवलं ते आईनं. ती मुलांना सायकलवर घेऊन गावोगावची जुनी चर्च दाखवत हिंडायची. १८९९ साली जाइल्स टेंपल मूर यांच्या ऑफिसात उमेदवारीला लागले. मूर हे वडिलांचे शिष्य. वडिलांची विद्या मुलाला मिळाली ती अशी, त्यांच्या शिष्याकडून.

बाविसाव्या वर्षी कॅथेड्रलचं काम कसं मिळालं?

स्पर्धेतून. लिव्हरपूल बंदर तेव्हा पैशानं ओसंडत होतं आणि शहराला साजेसं कॅथेड्रल हवं होतं. १९०१ साली खुली स्पर्धा जाहीर झाली. १०३ प्रवेशिका आल्या, त्यात ग्लासगोचे नामवंत आर्किटेक्ट चार्ल्स रेनी मॅकिंटॉश यांचीही होती. परीक्षक होते जी. एफ. बोडली आणि नॉर्मन शॉ, दोघंही आपापल्या क्षेत्रातले पितामह. पहिल्या फेरीतून पाच जण निवडले आणि १९०३ साली त्या पाचांतून स्कॉट.

नाव जाहीर झालं आणि समिती हादरली. मुलगा बावीस वर्षांचा, नावावर एकही इमारत नाही. तोवर आपण आराखडा केलेली एकच वस्तू प्रत्यक्षात उतरली होती आणि ती म्हणजे तंबाखूचे पाइप ठेवायची घडवंची, असं ते स्वतःच गमतीनं सांगत. त्यात भर म्हणजे पोरगा कॅथलिक! लिव्हरपूलमध्ये तेव्हा प्रोटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यात विस्तव जात नव्हता. अँग्लिकन पंथाचं मुख्य मंदिर परपंथीयाच्या हातून बांधून घ्यायचं, हे अनेकांच्या पचनी पडेना. तरी निवड टिकली, पण एक मेख मारून ठेवली: देखरेखीला परीक्षक बोडलींनाच सहआर्किटेक्ट म्हणून नेमलं.

बोडलींशी त्यांचं जमलं का?

अजिबात नाही. बोडली सत्तरी ओलांडलेले, स्कॉटच्या वडिलांचे मित्र आणि जुने सहकारी. त्यामुळे उलटून बोलायचीही चोरी. त्यातून त्यांनी अमेरिकेतली कामंही अंगावर घेतली, मग लिव्हरपूलला फिरकणंच कमी झालं. स्कॉट राजीनाम्याच्या बेतात असताना १९०७ च्या ऑक्टोबरमध्ये बोडली वारले आणि सूत्रं एकट्या स्कॉटच्या हाती आली.

त्यांनी स्वतःचाच जिंकलेला आराखडा मोडीत काढला, हे खरं?

खरं, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसी निर्णय तो हाच. पायाभरणी १९०४ साली राजा सातवा एडवर्ड याच्या हस्ते झाली होती. लेडी चॅपल (मेरीमातेचं छोटं प्रार्थनागृह) हा पहिला भाग १९१० साली पूर्ण झाला. तो आजही बघायला मिळतो: नाजूक, नक्षीनं भरगच्च. तोवर स्कॉट तिशीला आले होते आणि पोरवयातलं आपलं काम त्यांना खुपायला लागलं होतं. मूळ आराखड्यात दोन मनोरे होते. त्यांनी समितीसमोर नवा आराखडा ठेवला: मध्यभागी एकच प्रचंड मनोरा, खाली मोठी मोकळी जागा, भिंती बऱ्याचशा कोऱ्या आणि नक्षी फक्त मोजक्या ठिकाणी. बांधकाम चालू, देणगीदारांचे पैसे आलेले, पाया घातलेला, आणि आर्किटेक्ट म्हणतो सगळं बदलायचं. आपल्याकडच्या कुठल्या बांधकाम समितीने हे ऐकून घेतलं असतं? लिव्हरपूलने घेतलं.

तो मनोरा १०१ मीटर उंच आहे. त्याच्या टोकाचा शेवटचा दगड १९४२ साली बसला, ऐन युद्धात. दगड जवळच्या वूल्टनच्या खाणीतला लालसर वालुकाश्म. पावसात भिजला की त्याचा रंग गडद होतो आणि सगळी टेकडीच काळवंडल्यासारखी वाटते.

कॅथेड्रल पूर्ण झालेलं त्यांनी पाहिलं का?

नाही. १९२४ साली मुख्य वेदीकडच्या भागाचा पवित्रीकरण सोहळा झाला आणि त्याच वर्षी त्यांना ‘सर’ किताब मिळाला. बाकीचं काम दोन महायुद्धं आणि पैशाची चणचण यांतून रखडत चाललं. १९६० साली ते गेले. पश्चिमेकडचा शेवटचा भाग त्यांच्या मागे इतरांनी साधा करून बांधला आणि १९७८ साली राणी एलिझाबेथच्या उपस्थितीत कॅथेड्रल पूर्ण झाल्याचं जाहीर झालं. पायाभरणीपासून चौऱ्याहत्तर वर्षं.

एक गंमत: त्याच शहरातल्या कॅथलिक कॅथेड्रलचा आराखडा एडविन ल्युटियन्स यांनी केला होता, तेच दिल्लीचे ल्युटियन्स, आणि ते होते अँग्लिकन. त्यांचं फक्त तळघर बांधून झालं. वर पुढे दुसऱ्याच आर्किटेक्टचं गोल कॅथेड्रल उभं राहिलं. दोन्ही इमारतींना जोडणाऱ्या रस्त्याचं नाव होप स्ट्रीट. ते नाव मात्र जुनंच आहे, मुद्दाम ठेवलेलं नाही.

आता टेलिफोन बूथबद्दल. ही कल्पना कुठून आली?

ब्रिटिश पोस्ट खात्याचं पहिलं प्रमाणित बूथ, ‘के १’, काँक्रीटचं होतं आणि लंडनमधल्या नगरपालिकांना ते पसंत नव्हतं. म्हणून १९२४ साली निवडक आर्किटेक्टांची स्पर्धा घेण्यात आली. स्कॉट यांचा नमुना जिंकला. तोच ‘के २’, १९२६ पासून लंडनच्या रस्त्यांवर दिसू लागला.

डोक्यावरचा तो चपटा, चारी बाजूंनी कमानी काढलेला घुमट नीट बघा. लंडनच्या ओल्ड सेंट पँक्रस चर्चच्या आवारात आर्किटेक्ट जॉन सोन यांनी आपल्या पत्नीसाठी बांधलेली समाधी आहे, तिच्यावर अगदी असाच घुमट आहे. स्कॉट त्याच सुमारास सोन यांच्या घराच्या संग्रहालयाचे विश्वस्त झाले होते, तेव्हा ती समाधी त्यांच्या डोळ्यांसमोर असणार, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे जगातलं सगळ्यात जास्त फोटो निघालेलं टेलिफोन बूथ मुळात एका समाधीचं छत्र आहे. हे कळल्यापासून मला त्यात उभं राहून दात काढणारे पर्यटक जरा वेगळेच दिसतात.

लाल रंग स्कॉट यांनी निवडला का?

नाही! त्यांनी सुचवलं होतं साधं पोलाद, बाहेरून रुपेरी रंग आणि आत हिरवट निळा. पोस्ट खात्याने ते बिडाचं ओतून घेतलं आणि लाल रंगवलं, लांबून दिसावं म्हणून. सुरुवातीला लोकांनी नाकं मुरडली. निसर्गरम्य खेड्यांत तर काही ठिकाणी बूथ करड्या रंगाचं आणि फक्त काचांच्या पट्ट्या लाल, अशी तडजोड करावी लागली. हल शहरात टेलिफोन सेवा नगरपालिकेची होती, तिथली बूथं आजही सायीच्या रंगाची आहेत आणि त्यांच्यावर राजमुकुट नाही.

‘के २’ आणि ‘के ६’ ओळखायचं कसं?

सोपं आहे. काचा मोजा. ‘के २’ च्या प्रत्येक बाजूला सहा ओळी, प्रत्येक ओळीत तीन सारख्या काचा. ‘के ६’ ला आठ ओळी, मधली काच रुंद आणि कडेच्या दोन चिंचोळ्या. ‘के २’ वर राजमुकुटाला बारीक भोकं पाडलेली असतात, हवा खेळावी म्हणून. ‘के ६’ वर मुकुट नुसता उठावाचा आणि हवेसाठी वेगळी फट. ‘के २’ हे ‘के ६’ पेक्षा जवळपास फूटभर उंच आहे आणि वजन सव्वा टन. ‘के ६’ पाऊण टनाच्या आत.

‘के २’ देखणं होतं, पण महाग आणि अवजड. म्हणून ते सुमारे १,७०० च झाले, तेही बहुतेक लंडनमध्ये. १९३५ साली राजा पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली, त्या निमित्ताने स्कॉट यांच्याकडूनच सुटसुटीत ‘के ६’ करून घेतलं. ते देशभर गावोगावी गेलं, साठ हजारांच्या आसपास. आपण ज्याला ‘लंडनचं बूथ’ म्हणतो ते बहुधा ‘के ६’ असतं.

दार मात्र दोन्हींचं सागवानी. हे हाताला लगेच कळतं: बाहेरून सगळं थंडगार बीड, आणि ओढायला गेलं की दार अंगच्या वजनाने सावकाश येतं, सोडलं की तितक्याच सावकाश मिटतं आणि रस्त्याचा आवाज अर्ध्यावर येतो. ज्यांनी आपल्याकडे पिवळ्या पाटीच्या पीसीओत एका कानात बोट घालून फोन केले आहेत, त्यांना या दाराचं मोल वेगळं सांगायला नको.

आज ती बूथं कुठे गेली?

१९८० च्या दशकात टेलिफोन सेवेचं खाजगीकरण झालं आणि हजारो बूथं उखडून विकली गेली. आरडाओरडा झाल्यावर काहींना वारसा वास्तूचा दर्जा मिळाला. पुढे कंपनीने गावांना एका पौंडात बूथ दत्तक द्यायला सुरुवात केली. कुठे त्यात पुस्तकांची देवघेव चालते, कुठे हृदयविकाराच्या झटक्यासाठी शॉक द्यायचं यंत्र ठेवलेलं असतं. स्पर्धेसाठी केलेला लाकडी नमुना अजून शाबूत आहे. लंडनमध्ये रॉयल अकॅडमीच्या बर्लिंग्टन हाउसच्या प्रवेशकमानीत तो उभा आहे. निम्मे लोक त्याला साधं बूथ समजून पुढे निघून जातात.

बॅटरसी वीजघर त्यांनी बांधलं का?

बांधलं म्हणता येणार नाही. यंत्रं आणि एकूण मांडणी इंजिनिअर लेनर्ड पीअर्स यांची. आतली सजावट, ते संगमरवरी नियंत्रण कक्ष वगैरे, थिओ हॅलिडे यांचं. थेम्सकाठी एवढं मोठं धुराडं येणार म्हटल्यावर लंडनकर खवळले, तेव्हा वीज कंपनीला एक प्रतिष्ठित नाव हवं होतं. स्कॉट यांना बोलावलं ते बाह्यरूपासाठी. त्यांनी विटांच्या त्या अवाढव्य भिंतींना उभ्या रेघा आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या कडा दिल्या, धुराड्यांना ग्रीक खांबांसारख्या पन्हळी काढल्या. परिणाम असा की धूर ओकणारा कारखाना एकदम मंदिरासारखा भारदस्त दिसू लागला.

‘नुसता मुलामा’ म्हणून हे काम कुणी कमी लेखतात. मला नाही पटत. यंत्र कुणी तरी ठरवलेलं, जागा कुणी तरी ठरवलेली, आकारही ठरलेला. त्यात माणसाला बघवेल असं रूप आणणं ही स्कॉट यांची खरी हातोटी. टेलिफोन बूथही तेच आहे.

चार धुराड्यांचं प्रसिद्ध चित्र मात्र बरंच उशिराचं. १९३५ साली अर्धंच वीजघर, दोनच धुराडी होती. उरलेली १९५५ पर्यंत आली. १९८३ साली वीजघर बंद पडलं, जवळपास चाळीस वर्षं वापराविना राहिलं आणि २०२२ साली मॉल, घरं आणि ऑफिसं होऊन पुन्हा उघडलं.

टेट मॉडर्नही त्यांचंच?

इमारत त्यांची, संग्रहालय नव्हे. सेंट पॉल कॅथेड्रलच्या थेट समोर, नदीपलीकडे बँकसाइडला तेलावर चालणारं वीजघर बांधायचं ठरलं १९४७ साली. सेंट पॉलच्या नाकासमोर धुराडं! बॅटरसीपेक्षा मोठा गदारोळ झाला. स्कॉट यांनी सगळा धूर एकाच मधल्या धुराड्यात आणला आणि ते ९९ मीटरवर थांबवलं, सेंट पॉलच्या घुमटापेक्षा मुद्दाम कमी. वीजघर १९६३ साली पूर्ण झालं, म्हणजे तेही त्यांच्या मागे, आणि १९८१ साली बंद पडलं. अवघी अठरा वर्षं. २००० साली स्विस आर्किटेक्ट हर्झोग आणि द म्यूरॉन यांनी त्यात टेट मॉडर्न वसवलं. टर्बाइनं काढल्यावर उरलेली ३५ मीटर उंचीची पोकळी त्यांनी तशीच ठेवली. आत गेल्यावर माणसं आपोआप हळू आवाजात बोलू लागतात.

ग्रंथालयांचं काय?

दोन मोठी. केंब्रिजचं १९३४ साली उघडलं. ४८ मीटर उंच मनोऱ्यामुळे ते दुरून कारखान्यासारखं दिसतं अशी तक्रार तेव्हाही होती, आजही आहे. आणि खरं सांगायचं तर तक्रारीत तथ्य आहे. ऑक्सफर्डचं न्यू बोडलियन १९४० साली बांधून झालं, पण युद्धामुळे उद्घाटन १९४६ च्या ऑक्टोबरमध्ये. राजा सहावा जॉर्ज समारंभाची खास चांदीची किल्ली घेऊन दाराशी आला, किल्ली फिरवली आणि ती कुलपातच मोडली. २०१५ पासून ती इमारत वेस्टन लायब्ररी म्हणून ओळखली जाते.

वॉटर्लू पुलाला ‘बायकांचा पूल’ का म्हणतात?

जॉन रेनी यांचा १८१७ चा जुना पूल खचल्यामुळे पाडावा लागला. नवा बांधत असतानाच युद्ध सुरू झालं, पुरुष सैन्यात गेले आणि बांधकामावर मोठ्या संख्येने स्त्रिया आल्या. १९४२ साली वाहतूक सुरू झाली, १९४५ साली पूल पूर्ण झाला. उद्घाटनाच्या भाषणात गौरव झाला तो पुरुष कामगारांचा. बायकांचं नावही निघालं नाही. थेम्सवर नावाड्यांनी मात्र ती आठवण जपली आणि अलीकडे इतिहासकारांनी ती नोंदवून घ्यायला लावली.

ब्रिटिश संसदेशी आणि भारताशी काही संबंध?

आहे, आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो. १९४१ च्या मे महिन्यात बाँबहल्ल्यात हाउस ऑफ कॉमन्सचं सभागृह जळून गेलं. ते पुन्हा बांधायचं काम स्कॉट आणि त्यांचे धाकटे बंधू एड्रियन यांनी केलं. चर्चिल यांचा हट्ट होता की सभागृह जुन्याइतकंच लहान हवं. म्हणून आजही तिथे ४२७ जणांचीच बसायची सोय आहे आणि गाजणाऱ्या चर्चेला खासदार दाटीवाटीने उभे राहतात. सभागृह १९५० साली उघडलं, तेव्हा राष्ट्रकुलातल्या देशांनी वस्तू भेट दिल्या. ऑस्ट्रेलियाने सभापतींची खुर्ची दिली, कॅनडाने टेबल, आणि प्रवेशाचे दरवाजे दिले भारत आणि पाकिस्तानने. फाळणीला तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

कधी अपयश आलं का?

कॉव्हेंट्री. १९४० च्या नोव्हेंबरमध्ये बाँबने उद्ध्वस्त झालेलं तिथलं कॅथेड्रल नव्याने बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. बिशपना आधुनिक काही तरी हवं होतं, परंपरावाद्यांना गॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या शैलीतलं. स्कॉट यांनी दोघांचं मन राखायचा प्रयत्न केला आणि सरकारी कला आयोगाने आराखडाच फेटाळला. १९४७ साली त्यांनी काम सोडलं. पुढे ते बॅसिल स्पेन्स यांनी वेगळ्याच पद्धतीनं केलं.

ते परंपरावादी होते की आधुनिक?

दोन्ही गटांनी त्यांना आपलं मानलं नाही. १९३३ साली ब्रिटिश आर्किटेक्टांच्या संस्थेचे अध्यक्ष झाले तेव्हाही त्यांनी मधलाच रस्ता सांगितला: नवं तंत्र घ्या, पण माणसाच्या डोळ्याला सवय असलेली ओळख पुसू नका. त्या संस्थेचं सुवर्णपदक १९२५ सालीच मिळालं होतं, ऑर्डर ऑफ मेरिट हा ब्रिटिश राजाकडून मिळणारा मोठा सन्मान १९४४ साली.

घरचं आयुष्य?

पत्नी लुईझ लिव्हरपूलच्या अडेल्फी हॉटेलात स्वागतकक्षात काम करायची. कॅथेड्रलच्या कामासाठी येता-जाता ओळख झाली. लग्न १९१४ साली. ती प्रोटेस्टंट, त्यामुळे आई नाराज. मुलगा रिचर्ड हाही आर्किटेक्ट झाला. गोल्फचं वेड होतं. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलात जातानाही प्लिमथच्या एका चर्चचे कागद बरोबर नेले होते.

त्यांची समाधी कुठे आहे?

लिव्हरपूल कॅथेड्रलच्या पश्चिम दाराशी, बाहेर, पत्नीशेजारी. कॅथलिक असल्यामुळे आत नाही. दफनविधी अँपलफर्थ मठाच्या कॅथलिक संन्याशांनी केला. त्यांच्या मठाचं चर्चही स्कॉट यांनीच आखलेलं.

लंडनमध्ये एकच दिवस हातात असेल तर काय बघावं?

सकाळी बर्लिंग्टन हाउसच्या कमानीतलं लाकडी बूथ. तिथून चालत वॉटर्लू पुलावर या, पूल ओलांडा आणि नदीच्या दक्षिण काठाने अर्ध्या तासात टेट मॉडर्न. पुलाखाली उतरून एकदा वर बघा, कमानींवरचा पोर्टलंड दगड पांढराशुभ्र दिसतो. पाऊस लागला तर छत्री उघडा, पण परत फिरू नका. तो दगड पावसातच धुऊन निघतो.